एका रंगाच्या होड्या

माझं लग्न झेरॉक्सच्या दुकानात जमलं असं मी सांगते तेव्हा लोकांना थट्टा वाटते. पण खरंच तसं झालं. मी तलासरीच्या पूर्वेकडची, डोंगरातल्या पाड्यावरची. घरी भात आणि नाचणी. बारावीनंतर डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले आणि नेमकी तेव्हा किनाऱ्यावरच्या खलाशांची सुरक्षेची ओळखपत्रं निघत होती. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड हवं, फोटो हवा, बोटांचे ठसे हवेत. सगळं बंदर आमच्या दुकानापुढे रांगेत उभं राहायचं. त्यातला एक जण एकाच रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला पुन्हा पुन्हा यायला लागला. शेवटी मी म्हटलं, "आता कार्डच इथे ठेवून जा, रोजचा हेलपाटा वाचेल." तो लाजला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला.

दोन्ही घरांत खूप आदळआपट झाली. मग दोन्ही घरं दमली आणि लग्न लागलं. हे दोन हजार चौदाच्या आसपासचं.

सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं की या घरात नवऱ्यापेक्षा सासूला सांभाळायचं आहे. सगळे तिला आय म्हणायचे, मीही म्हणायला लागले. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. होडी नवरा चालवायचा, पण होडीची मालकीण आयच होती आणि हे तिने कोणाला विसरू दिलं नव्हतं. नाकावर माशी बसू देत नसे. माझी भाकरी तिने पहिल्या दिवशी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "डोंगरावर सगल्या एवढ्या जाड्याच करतात का?" मी म्हटलं, "हो, आम्हाला दिवसभर चढायचं असतं." त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

बंदरावर एक रीत होती. होड्या भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरायच्या, आणि काठावर बायका वाट बघत उभ्या असायच्या. जिच्या घरची होडी दिसेल ती मोठ्याने हाळी द्यायची. ती हाळी ऐकून व्यापारी तिच्या जागेकडे वळायचे. मग तीच बाई कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मासळीची पहिली पाटी आपल्या हाताने उतरवायची. पहिल्या पाटीला दुसऱ्या घरच्या बाईचा हात लागायचा नाही. ज्या बाईने हाळी दिली, तिनेच लिलावाला बसायचं, तिनेच भाव ठरवायचा. आयची हाळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दचकलेच होते. लहानशा शरीरातून एवढा आवाज कुठून येतो कळेना. तिची होडी पिवळीधमक, वर हिरवा पट्टा, आणि ती लांब ठिपक्याएवढी असतानाच आय ओरडायची. बाकीच्या बायका म्हणायच्या, हिचे डोळे घारीचे आहेत.

मलाही ती होडी ओळखता यायची. पिवळी म्हणजे आपली, एवढंच माझं ज्ञान. बाकी सगळ्या होड्या मला सारख्याच.

मग बंदरावर सरकारचा पैसा येणार अशी बातमी आली. आधी टेप घेऊन माणसं आली, त्यांनी धक्का मोजला. मग दुसरी माणसं आली, त्यांनी तोच धक्का परत मोजला. एक दिवस मच्छीमार सोसायटीच्या पडवीत बैठक झाली. आलेल्या सरकारी साहेबांनी सांगितलं, राज्याने किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी निधी दिला आहे. धक्क्याला लोखंडी कठडा होईल, उंच खांबावर दिवे लागतील, पोलिसांची चौकी होईल, चौकीत वायरलेस आणि दुर्बीण येईल, होडी बाहेर जाताना तिथे टोकन घ्यावं लागेल. पुरुष माना हलवत होते. आय मागून उठली.

"सायब, आमाला पाट्या घेऊन वर चढायला पायऱ्या द्या. शेवालावर पाय सरकतो."

साहेब चांगला माणूस होता, त्याने नीट उत्तर दिलं. हा पैसा सुरक्षेसाठीचा आहे, पायऱ्या त्यात बसत नाहीत, त्यासाठी वेगळा प्रस्ताव करावा लागेल.

"बाई पडून तिचं कंबरडं मोडलं तर ती सुरक्षा नाय का?" आय म्हणाली.

सगळी पडवी हसली. साहेबही हसला, त्याने कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि पायऱ्या काही झाल्या नाहीत. बाकी सगळं मात्र झालं. कठडा आला, दिवे आले, चौकी आली. चौकीत एक हवालदार आले, चाळिशी ओलांडलेले, देशावरचे. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती वाटायची. बायका त्यांना मुद्दाम विचारायच्या, "दादा, दुश्मन पोहत आला तर काय कराल?" ते म्हणायचे, "तो दमेपर्यंत काठावर थांबेन." वर्षभरात ते बंदराचेच झाले.

कठड्यावर आयचा राग होता. धक्क्यावरून सरळ पाण्यात उतरायची तिची जागा त्याने अडवली होती, आता वळसा घालून जावं लागायचं. "बायांना कोंडवाड्यात घातलं," असं ती येता-जाता म्हणायची. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती चालताना त्या कठड्यावर हात ठेवूनच चालते. मला वाटलं, शिव्या देता देता जडला जीव.

त्याच योजनेतून पुढच्या पावसाळ्यात रंगाचे डबे आले. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात ते दिवस. आमच्याकडून गुजरातची हद्द अगदी जवळ, समुद्रात तर दोन्हीकडच्या होड्या एकमेकींना घासून जातात. आता वरून विमानातून बघितलं तरी कोणत्या राज्याची होडी ते कळायला हवं, म्हणून आपल्या सगळ्या होड्यांना एकच रंग ठरला. अंग निळं, केबिन नारिंगी. नवऱ्याने आणि खलाशांनी दोन दिवसांत पिवळं पुसून टाकलं. आय शेजारी बसून होती. मी म्हटलं, "छान दिसते ना?" ती म्हणाली, "सरकारची दिसते." आणि उठून घरी गेली.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं.

दुपारची भरती होती. तीन-चार होड्या पाठोपाठ खाडीत शिरत होत्या, सगळ्या निळ्या, सगळ्या नारिंगी. आयने हाळी दिली. नेहमीसारखीच दणदणीत. व्यापारी वळले. ती वळसा घालून पाण्यात उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि होडीवरच्या पहिल्या पाटीला तिने हात घातला. होडीवरचे खलाशी तसेच थिजले. ती होडी आमची नव्हती.

ती शेजारणीची होती. शेजारीण म्हणजे जिच्याशी आयचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या जागेवरून दोघींचं फाटलं होतं.   दुसऱ्याच्या पहिल्या पाटीला हात म्हणजे भांडण ठरलेलं, आणि ही तर जुनी दुश्मनी. शेजारीण पाण्यातून तरातरा आली. आयच्या शेजारी उभी राहिली, तिच्या तोंडाकडे तिने नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, "आज तूच उतरव. तुझा हात चांगला हाय. बघू आमाला भाव किती येतो."

आयने ती पाटी उतरवली. दोघी दोन बाजूंनी धरून वर घेऊन आल्या. मागाहून आमची होडी आली, तिची पाटीही आयने उतरवली. पण त्या दिवशी ती लिलावात गप्प होती.

घरी जाताना म्हणाली, "सगल्या एका रंगात बुडवल्या. कोनाचीबी चूक होईल."

मला ते अगदी पटलं. मला तर त्या निळ्या गर्दीत काहीच ओळखू आलं नव्हतं. मी सरकारला दोन शिव्याही दिल्या.

दुसऱ्या दिवसापासून आय मला रोज बंदरावर न्यायला लागली. आधी ती मला घरी ठेवायची, म्हणायची डोंगरातली पोर पाण्यात घसरेल. आता म्हणाली, "होडीवाल्याची बायको तू. शिकून घे." मी खूश झाले. ती मला कठड्याजवळ उभी करायची आणि विचारायची. पुढची होडी बघ, तिचं तोंड कसं हाय? वर उचललंय का बसकं? केबिन मधोमध हाय का मागे सरकलीय? वाळूच्या दांड्याजवळ वळते तेव्हा जवळून वळते का लांबून?

"लांबून वळते," मी म्हणायचे.

"मग तुझाच नवरा. लहानपणी एकदा दांड्यावर होडी घातली होती, तवापासून भितो."

मी हसायचे, आणि ती लगेच हाळी द्यायची. मला वाटायचं माझी परीक्षा घेते आणि उत्तर बरोबर आलं की ओरडते. काही आठवड्यांत मला होड्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. आमच्या होडीचं तोंड थोडं डावीकडे झुकलेलं, जणू मान वाकडी करून चालणारी बाई. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. पाड्यावर गेले की मी आईला होड्यांवर व्याख्यानं द्यायचे आणि ती जांभया द्यायची.

एके दिवशी आमची होडी आधीच येऊन धक्क्यापासून थोड्याच अंतरावर भरतीची वाट बघत थांबली होती. एवढी जवळ की नवऱ्याचा शर्ट मला दिसत होता, त्याचा फाटलेला खांदा दिसत होता. आय कठड्याला धरून तिकडेच तोंड करून उभी होती. म्हणाली, "ती पुढे आलेली बघ गो. तिचं तोंड कसं हाय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. ती वाट बघत होती. मी सांगितलं, "डावीकडे झुकलेलं आहे, आय. आपलीच आहे."

तिने हाळी दिली. आणि मला रडायला यायला लागलं, ते मी पदराने तोंड पुसत लपवलं. त्या पिवळ्या रंगावर ती किती वर्षं तगली होती कोण जाणे. राखाडी पाण्यावर एक पिवळा डाग दिसला की ओरडायचं. तेवढं तिला पुरत होतं, आणि तेवढंही आता पुसलं होतं. मीच विचारलं होतं, छान दिसते ना.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, मला डोळे दाखवायचे आहेत, माझ्यासोबत चला. तिला कळलंच होतं, पण ती आली. डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं. साधा मोतीबिंदू असता तर काढता आला असता, म्हणाले. डोळ्यांतला दाब वाढून आतली नस वाळली आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवण्यासाठी रोज थेंब घालायचे. आयने मान हलवली. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसली आणि माझं मनगट घट्ट पकडलं.

"घरात बोलायचं नाय. पोराला पन नाय."

"का, आय?"

"माझ्या सासूचे डोले गेले तर तिला ओटीवर बसवली. लसूण सोलायला दिला. मरेपर्यंत लसूण सोलत होती. बंदर सुटला का बाई संपली गो."

मी तिला शब्द दिला. खरं सांगायचं तर मला तिचा रागही आला. एवढा हट्ट कशाला? पोटचा मुलगा काय तिला खाणार होता? पण ती बाकड्यावर ज्या पद्धतीने बसली होती, पाय जवळ घेऊन, पाटी नसलेले हात मांडीवर टाकून, ते बघून माझा राग विरला.

पुढे दोन वर्षं आम्ही ते निभावलं. सकाळी चहाच्या आधी मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे. बंदरावर मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहायचे आणि ओठ न हलवता सांगायचे, "आली." ती ओरडायची. हात धरू द्यायची नाही. मी चुकून धरला तर झटकायची, म्हणायची, "मी काय म्हातारी झाले का?" लिलावात तिला कोणाची गरज नव्हती. मासळी हाताने चाचपून, व्यापाऱ्याचा आवाज ऐकून ती भाव ठरवायची. एक जुना गुजराती व्यापारी होता, तो "मासी, केम छो" म्हणाला की त्या सुरावरूनच तिला कळायचं की आज हा भाव पाडायला आला आहे.

नवऱ्यापासून लपवताना माझा जीव जायचा. तो म्हणायचा, "आता तुम्हा दोघींचं फारच जमलंय." मी म्हणायचे, "तुला काय त्रास?"

मग तो वाऱ्याचा दिवस आला. सकाळी होड्या गेल्या तेव्हा सगळं शांत होतं. दुपारी चौकीतल्या वायरलेसवर निरोप आला की समुद्र खवळतो आहे, सगळ्यांनी परत फिरा. जोराचा वारा सुटला, धक्क्यावर उभं राहवेना. बायका कठड्याला धरून उभ्या होत्या. एकेक होडी येत होती, एकेक हाळी उठत होती, आणि मोकळी झालेली बाईही घरी न जाता तिथेच थांबत होती. आमची येईना. शेजारणीची आली, तिने हाळी दिली आणि परत येऊन आयच्या बाजूला उभी राहिली.

"काय दिसतं?" आय मला हळूच विचारत होती.

"काही नाही, आय."

तिच्या त्या विचारण्याला अंत नव्हता. लाटांच्या फेसात मला निळं काही दिसायचं आणि बुडायचं.  तेवढ्यात हवालदार चौकीतून दुर्बीण घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, घारीच्या डोळ्यांची बाई आहे, हिच्याच हातात द्यावी.

"मावशी, लांब दोन होड्या आहेत. मला काही ओळखू येत नाही. तुम्ही बघा."

त्यांनी दुर्बीण आयच्या हातात ठेवली. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिने ती डोळ्यांपर्यंत नेली. क्षणभर तशीच धरली. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल असं मला वाटलं, तेवढी हुशारी तिच्याकडे होती. पण तिने दुर्बीण खाली घेतली आणि माझ्या छातीवर टेकवली.

"मना दिसत नाय," ती मोठ्याने म्हणाली. "माझे डोले कवाच गेले. हिला बघू द्या."

 मग शेजारीण म्हणाली, "ठावं हाय गो. तू माझ्या पाटीला हात घातला तवाच कललं. सगल्यांना ठावं हाय."

आयने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. ती मला हलवत होती. "बघ ना. बघ."

मी बघितलं. आधी नुसतं पाणी. मग एक होडी, तोंड सरळ. आमची नव्हे. तिच्या मागे दुसरी, लाटेवर चढताना दिसली. तोंड डावीकडे झुकलेलं. तरी माझी छाती होईना. ती वाळूच्या दांड्याशी आली, आणि एवढ्या वाऱ्यात, एवढ्या लाटांत, लांबून वळली.

"आली," मी म्हटलं. "लांबून वळली, आय. तोच आहे सुकाणूवर. मागे खलाशी दिसतात. सगळे आहेत."

आयने तोंड उघडलं, पण हाळी फुटेना.  तिने कठडा धरला आणि खुणेने मला सांगितलं, तू ओरड. मला बंदराची हाळी येत नव्हती. मला एकच ओरडणं येतं, ते पाड्यावरचं, या टेकडीवरून त्या टेकडीवरच्या माणसाला बोलवायचं. मी तेच ओरडले. जीव तोडून ओरडले. सगळं बंदर माझ्याकडे बघायला लागलं, हवालदार दोन पावलं मागे सरकले. आणि आय खाली बसून रडता रडता हसायला लागली. "गुरं बोलावते का गो? मासली पलून जाईल!" शेजारीण तिला धरून बसली आणि तीही हसायला लागली. त्या दिवशी पहिली पाटी आम्ही तिघींनी उतरवली. पाटीत फारसं काही नव्हतं.

रात्री नवऱ्याला सगळं कळलं.  तो आयच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आता पुरे झालं, आय. आता घरी बस. आराम कर." प्रेमानेच म्हणाला.  मला झोप लागली नाही. मला सारखा लसूण दिसत होता.

वारा दोन दिवसांनी पडला. होड्या परत गेल्या. दुपारच्या भरतीच्या वेळी मी चुलीपुढे होते, आयला उठवावं की नाही हे मला कळत नव्हतं. मागे वळून बघते तर ती दारात उभी. लुगडं बंदरावर जायला नेसतात तसं कासोटा मारून, पाटी कमरेवर. तोंड बाहेर उजेडाकडे. तिने मोकळा हात माझ्या दिशेने मागे केला, आणि तो तसाच धरून ठेवला.

"चल," ती म्हणाली. "तू बघ. मी ओरडते."